गरोदरपणातली शुगर ‘गेली’ म्हणतात, पण नंतर तपासतं कोण? (नागपूर)

जास्वंद

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

धाकट्या बहिणीला मुलगी झाली. सध्या दोघी आमच्याकडेच आहेत, मनीषनगरला. सातव्या महिन्यात ग्लुकोज पाजून केलेल्या टेस्टमध्ये तिला शुगर निघाली होती. आधी नुसतं डाएट, मग शेवटी शेवटी इन्सुलिन. त्या काळात सगळं जग तिच्या मागे लागलं होतं. पोळ्या मोज, भात मोज, बोटाला टोच, वहीत आकडा लिही. बाळंतपण झालं, दुसऱ्या दिवशी इन्सुलिन बंद, ‘शुगर नॉर्मल आली, आता टेन्शन नाही’ आणि घरी रवानगी.

डिस्चार्ज कार्ड मी नीट वाचलं. टाके कधी दाखवायचे ते आहे, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या आहेत, बाळाचं वजन, कावीळ, लशीची तारीख, सगळं आहे. शुगरबद्दल एकच ओळ: ‘जीडीएम (म्हणजे गरोदरपणातली शुगर), इन्सुलिनवर’. पुढे काय, कधी, कोणाकडे, काही नाही. फोन केला तर रिसेप्शनवरून उत्तर की मॅडम नॉर्मल म्हणाल्या म्हणजे नॉर्मल. (हॉस्पिटलचं नाव कृपया विचारू नका. मैत्रिणींना विचारलं तर वेगवेगळ्या ठिकाणी बाळंत झालेल्या दोघीतिघींची हीच कथा.)

मी जे थोडंफार वाचलं त्यावरून सहा आठवड्यांनी एक टेस्ट करायची असते. पण ती कोणाच्याच खात्यात दिसत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांचं काम टाक्यांपाशी संपतं, बाळाचे डॉक्टर बाळ बघतात, आणि शुगरच्या डॉक्टरांपर्यंत ही बाई पोचतच नाही, कारण तिला ‘आता शुगर नाही’.

तर नेमकी कुठली टेस्ट? घरच्या मशीनवर उपाशीपोटी बघितलं तर चालेल का? आणि आई म्हणते सव्वा महिना झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, तर तेवढं थांबलं तर चालतं का?

ऑरेंजसिटी

माझ्या बायकोला पण झालं होतं मागच्या वर्षी. घरी ग्लुकोमीटर होताच, महिनाभर सकाळी चेक केलं, ९० च्या आसपास यायचं. विषय संपला. उगाच नेट वाचून घाबरू नका ताई. बाळंतिणीला झोप मिळू द्या, तेच औषध.

लॅबवाली

सक्करदऱ्याकडच्या एका लॅबमध्ये आहे. रोज सकाळी हेच काम, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी टेस्टचं नाव पक्कं करा. काउंटरवर येऊन ‘शुगर करायची आहे’ म्हटलं की फास्टिंग-पीपी लागतं. पीपी म्हणजे घरून खाऊन यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. कोणी वाटीभर पोहे खाऊन येतं, कोणी तीन आलू पराठे. त्या आकड्याची तुलना कशाशी करणार? बहिणीला हवी आहे ती ७५ ग्रॅम ग्लुकोजची ओजीटीटी. दोन नमुने: एक उपाशीपोटी, दुसरा ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तसंच लिहून आणा.

यात एक गोंधळ नेहमी होतो. गरोदरपणात आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डिप्सी पद्धतीने करतात, म्हणजे जेवली असो की उपाशी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजायचं आणि दोन तासांनी एकच नमुना. १४० किंवा वर आलं की जीडीएम. तेव्हा चहा-बिस्कीट खाऊन चाललं होतं म्हणून आताही खाऊन येतात. मग मी परत पाठवते आणि शिव्या खाते. आता किमान आठ तास उपाशी यायचं. साधं पाणी चालतं.

दुसरं, रिपोर्ट चांगला यावा म्हणून आधी तीन-चार दिवस भात-पोळी बंद करणाऱ्या असतात. करू नका. पिष्टमय खाणं एकदम तोडलं की ग्लुकोज प्यायल्यावर शुगर उलट जास्त चढलेली दिसू शकते. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा.

ग्लुकोजचा डबा घरून आणू नका. ७५ ग्रॅम हे निर्जल ग्लुकोजचं माप आहे. ज्या पावडरीत पाण्याचा अंश असतो तिचे ८२.५ ग्रॅम घ्यावे लागतात. लॅबकडे मोजलेली पुडी असते. साधारण ३०० मिली पाण्यात कालवून पाच-दहा मिनिटांत संपवायचं, पहिल्या घोटापासून घड्याळ लावायचं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर त्या दिवशीची टेस्ट बाद, दुसऱ्या दिवशी यायचं. दोन तास बसून राहायचं. खाली जाऊन भाजी घेऊन येते, असं चालत नाही. बाळाला पाजायला हरकत नाही, आमच्याकडे त्यासाठी आतली खोली उघडून देतो.

घरी येऊन रक्त नेणाऱ्यांकडून करणार असाल तर राखाडी झाकणाची ट्यूब आहे का ते बघा. तिच्यात फ्लोराइड असतं. साध्या ट्यूबमध्ये रक्तातल्या पेशी ग्लुकोज खात बसतात, तासाला पाच ते सात टक्के उतरतं. आपल्या मे महिन्यात ती ट्यूब गाडीच्या डिकीतून मानेवाड्याहून सदरपर्यंत फिरली तर काय होईल ते तुम्हीच बघा.

आजी_ऑनलाइन

व पोरी, मले त समजतच नाही बाप्पा. आमच्या टायमाले कोणाले शुगर होती? चार बाळंतपणं झाली माही, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, गोडंबी, खोबरं, वरून तुपाची धार. काही झालं नाही. आता बाळंतिणीले उपाशी ठेवता अन् साखरपाणी पाजता, हे कोणतं शास्त्र व? दूध कसं येईन तिले?

वैदर्भीय_डॉक

फिजिशियन आहे, बाळंतपणं करत नाही, पण त्यानंतर पाच-सात वर्षांनी याच बायका माझ्या ओपीडीत येतात, तेव्हा माझा संबंध येतो.

आजी, तुमच्या काळी होती, मोजत नव्हते. आणि साखरपाणी एकदाच प्यायचंय, लाडवांचं नंतर बोलू.

जास्वंद, तुमचं वाचन बरोबर आहे. गरोदरपणात वार, म्हणजे प्लासेंटा, अशी संप्रेरकं सोडते की आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. हे प्रत्येकीत होतं. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून भरून काढतं. जिचं काढू शकत नाही तिला जीडीएम होतो. वार बाहेर पडली की तो भार एका दिवसात जातो, म्हणून इन्सुलिन बंद झालं, त्यात डॉक्टरांचं काही चुकलं नाही. पण स्वादुपिंडाची ती मूळची कमी ताकद कुठे गेली? ती तिथेच आहे. गरोदरपणाने तिची परीक्षा घेतली आणि निकाल आपल्याला बराच आधी कळला. तो फायलीत बंद करून ठेवायचा नसतो.

आकडे हवेत तर: २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात जीडीएम झालेल्या स्त्रियांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याची जोखीम इतरांपेक्षा सातपटीहून जास्त दिसली. २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या विश्लेषणात ती दहापटीच्या जवळ गेली. भारतीय बायकांमध्ये हे लवकर होतं, पहिल्या काही वर्षांतच.

ऑरेंजसिटी, तुमच्या ९० बद्दल. आपल्या लोकांमध्ये सकाळची शुगर बरीच वर्षं सभ्य राहते, आधी बिघडते ती खाल्ल्यानंतरची. उपाशीपोटीचा आकडा चांगला म्हणून निश्चिंत झालेल्या कितीतरी जणी ग्लुकोज प्यायल्यावर १७०-१८० वर सापडतात. शिवाय ग्लुकोमीटर रोजची शुगर बघायला ठीक आहे, निदान करायला नाही.

‘एचबीए१सी करून घेऊ, उपाशी राहायला नको’ असं सुचवणारे भेटतील. बाळंतपणानंतर लगेच तो भरवशाचा नाही. त्यात तांबड्या पेशींवर तीन महिन्यांत किती साखर चिकटली ते मोजतात, आणि गरोदरपणात पेशींची उलाढाल वाढलेली असते, बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो. लोह कमी असेल तर खोटा जास्त. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, आहे. सिकलसेलचा आजार असेल तर एचबीए१सी वापरूच नये, नुसता वाहक असेल तरी काही मशीनवर आकडा चुकतो. नागपुरात बसून हे विसरता येत नाही.

सव्वा महिना थांबायला हरकत नाही. चार ते बारा आठवडे ही मुदत आहे, आपल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत सहा आठवडे म्हटलंय. सव्वा महिना संपतो तेव्हा टेस्टची वेळ होतेच. आईंचं ऐका आणि मग जा.

सावजी_रस्सा

टेस्ट झाल्यावर तर्री पोहा मिळणार असेल तर मी पण यायला तयार आहे. 😄

ऑरेंजसिटी

डॉक, पण बायको बारीक आहे हो. ५२ किलो. घरात कोणाला शुगर नाही. गरोदरपणातलं तेवढंच होतं ते.

वैदर्भीय_डॉक

पुण्याच्या केईएममधल्या डॉ. याज्ञिकांनी वर्षानुवर्षं हेच तर दाखवलंय: दिसायला बारीक, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. आपल्या लोकांत वजनकाट्यावरून अंदाज बांधू नका. आणि ‘तेवढंच होतं’ हेच टेस्ट करायचं कारण आहे. घेऊन जा.

मोहल्लावाली_सिस्टर

मी एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्राची नर्स, आहे, महानगरपालिकेच्या हद्दीत नाही, हिंगण्याकडे. डॉक्टरांनी शास्त्र सांगितलं, मी हिशेब सांगते.

बाळाची दीड महिन्याची लस कोणी चुकवत नाही. सासू स्वतः घेऊन येते, आईला पाठवणार नाही पण बाळाला आणते. मग मी काय करते, पाचव्या आठवड्यात घरी जाते तेव्हाच सांगते की लशीच्या दिवशी बाळाबरोबर आईनंही यायचं, काही न खाता. बाळाची पेंटा, पोलिओ, रोटा, पीसीव्ही होईस्तोवर आणि नंतरचा अर्धा तास थांबायचंच असतं, त्यात आणखी दीड तास बसली की आईची टेस्ट झाली. वेगळी चक्कर म्हटलं की कोणी येत नाही. ऑटोचे पैसे, बाळाला कोण धरणार, नवऱ्याची ड्युटी, शंभर कारणं असतात आणि खरी असतात.

माता बाल संरक्षण कार्ड फेकू नका. त्यात जीडीएमची नोंद आहे का बघा, नसेल तर करून घ्या. डागा, मेयो, मेडिकल, एम्स, कुठल्याही सरकारी दवाखान्यात गेलात तरी ‘मला गरोदरपणात शुगर होती’ हे पहिलं वाक्य बोला. नाहीतर काय होतं सांगते. आशाताई घरोघरी जो बीपी-शुगरचा फॉर्म भरतात तो तिशीच्या पुढच्यांसाठी आहे. आमच्याकडे तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी बाळंत होतात. म्हणजे जिला सगळ्यात जास्त धोका तिला सहा-सात वर्षं कोणी विचारायला येत नाही, ती वयातच बसत नाही! तीस पूर्ण होईस्तोवर दुसरं मूल पण झालेलं असतं.

दुसऱ्या बाळंतपणाचंही ऐका. शुगर वाढलेली असताना दिवस गेले तर बाळाचे अवयव घडायच्या पहिल्या आठवड्यांतच त्याला ती जास्तीची शुगर मिळते. आपल्याला दिवस राहिलेत हे कळेपर्यंत हृदय, मज्जारज्जू यांचं काम बरंचसं होऊन गेलेलं असतं. म्हणून दुसऱ्याचा विचार करायच्या आधी टेस्ट.

जास्वंद

सिस्टर, लशीच्या दिवशीची कल्पना सोन्यासारखी आहे. आमची लस खासगीत आहे, पण लॅब त्याच गल्लीत आहे. तारीख कॅलेंडरवर लिहून टाकली. बाळाला मी धरते.

आजी_ऑनलाइन

बरं व, टेस्ट करा. पण लाडू बंद करू नका म्हणते मी. माह्या नातसुनेचे बंद केले तिच्या आईनं, पोरगी रडून रायली होती भुकेनं.

वैदर्भीय_डॉक

आजी, इथे तुमचं-माझं जमतं. बाळंतिणीला भुकी ठेवायची नाही, पाजणाऱ्या आईला खायला जास्तच लागतं. आणि पाजणं हे स्वतःच पुढच्या मधुमेहाची जोखीम कमी करतं, जितकं जास्त आणि जितके जास्त महिने तितकं बरं. शुगर थोडी जास्त असली तरी दुधातून बाळाला अपाय होत नाही. डिंक, मेथी, अळीव, गोडंबी यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण गुळाशी आणि ‘अजून एक खा’शी आहे. गूळ म्हणजे साखर नाही असं समजणारं अर्धं नागपूर माझ्याकडे येतं.

जास्वंद

अपडेट द्यायचा होता. टेस्ट झाली. लॅबवाली ताईंनी सांगितलं तसंच सगळं केलं, चिठ्ठीवर नाव लिहून घेतलं. तरी काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, फास्टिंग-पीपी करून देऊ का, लवकर होईल.’ नाही म्हटलं.

बहिणीनं ग्लुकोज प्यायलं, तोंड वाकडं केलं, पण उलटी नाही झाली. बाळानं मधे एकदा पूर्ण लॅब डोक्यावर घेतली.

उपाशीपोटी ९४. दोन तासांनी १५६.

लॅबच्या रिपोर्टवर दुसऱ्या आकड्यापुढे बाण आहे, पहिल्यापुढे नाही. घरात दोन पक्ष पडलेत. बाबा म्हणतात १५६ म्हणजे काहीच नाही, त्यांची स्वतःची २२० असते. बहीण पहिल्यांदा बाण बघून रडली, मग म्हणाली पुन्हा इन्सुलिन घेणार नाही. नक्की काय समजायचं?

वैदर्भीय_डॉक

बाबांना सांगा, २२० चं वेगळं बघू, त्यांनाही पाठवा.

दोन तासांनी १४० च्या आत नॉर्मल. २०० किंवा वर गेलं तर मधुमेह. मधला पट्टा १४० ते १९९, बहीण त्यात आहे. मधुमेह झालेला नाही, इन्सुलिनचा प्रश्नच नाही. उपाशीपोटीच्या आकड्याला १२६ ही मधुमेहाची रेघ आहे. त्याखाली नॉर्मल कुठे संपतं याबाबत रिपोर्ट गोंधळ घालतात, कुठे १०० छापलेलं असतं, कुठे ११०, कारण दोन वेगवेगळ्या संस्थांची मापं चालतात. तिचा ९४ दोन्हीत बसतो. म्हणजे नुसतं फास्टिंग केलं असतं तर ती ‘नॉर्मल’ म्हणून घरी गेली असती.

आता काय? अमेरिकेत मधुमेह टाळण्यावर जो मोठा अभ्यास झाला, त्यात पूर्वी जीडीएम झालेल्या आणि अशाच मधल्या पट्ट्यात असलेल्या बायका होत्या. आहार-व्यायाम नीट केलेल्यांत तीनेक वर्षांत मधुमेहाचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिलेल्यांतही जवळपास तेवढंच. म्हणजे हातात बरंच आहे. गोळी लागेल का हे समोर बसून ठरवायचं, इथे नाही. गरोदरपणाआधीचं वजन परत यायला घाई नको, पण वर्षभरात यावं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी हो म्हटल्यावर चालणं सुरू, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर फिरलं तरी त्या दोन तासांच्या आकड्यावर फरक पडतो. फुटाळा तलावावर जाऊनच चाललं पाहिजे असं नाही. ताटात आधी वरण-उसळ-भाजी, मग भात. संत्रं सोलून खा, रस काढून नको.

एका वर्षानं पुन्हा टेस्ट. जिची नॉर्मल आली तिनंही एक ते तीन वर्षांच्या आत पुन्हा करायची, आणि हे आयुष्यभर.

ऑरेंजसिटी

बायकोची केली. दोन तासांनी १३१. बरं वाटलं, आणि दरवर्षीचं रिमाइंडर लावलंय. आईच्या बोलण्यातून आता कळलं की आजोबांना शुगर होती, ‘पण ते म्हातारे होते ना’.

चहा_कमी_साखर

धागा आज वाचला. माझी मुलगी आता दुसरीत आहे. जीडीएम होता, नंतर कोणी काही सांगितलं नाही. सहा आठवडे केव्हाच गेले, मग आता ही ग्लुकोजवालीच करायची की साधी चालेल? सिकलसेल नाही, हिमोग्लोबिन १२.४ आहे.

वैदर्भीय_डॉक

आता एचबीए१सीवर विश्वास ठेवता येईल, हिमोग्लोबिन चांगलं आहे. उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी एकत्र केली तरी चालेल. ओजीटीटी केली तर सगळ्यात उत्तम, मी तीच सांगेन. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर नक्की तीच.

चहा_कमी_साखर

विचार आहे. मग तीच करते. लॅबवाली ताई, तुमच्याकडे किती वाजता यावं?

लॅबवाली

साडेसातपर्यंत या, म्हणजे दहाच्या आत मोकळ्या व्हाल. सोमवारी येऊ नका, सोमवारी रांग जिन्यापर्यंत असते. स्वेटर आणा, एसी बंद करायला आमचे सर ऐकत नाहीत.